फेमस माणसाचं नाव

चैत उतरत आला होता आणि सकाळीच वाऱ्याला धग लागली होती. रात्रीचा गारवा बोरी नदीच्या कोरड्या पात्रात थोडा वेळ अडकून राहायचा, सूर्य कासराभर वर आला की तोही जायचा. अशा दिवसांत आमच्याकडे विहिरी साफ करतात. पाणी तळाला गेलेलं, गाळ उघडा पडलेला. झिपरूनाना बोरगव्हाणच्या एका मळ्यातल्या विहिरीत गुडघाभर चिखलात उभा राहून पाटी भरत होता आणि वरचे दोन गडी ती दोराने ओढून घेत होते. पाटी भरली की नाना दोराला हिसका द्यायचा. गड्यांना काही सांगायचं असलं तर ते वरून ‘ओ खालचे’ म्हणायचे, ‘मामा’ म्हणायचे, ‘नाना’ म्हणायचे. झिपरू म्हणत नव्हते.

तसं पारोळा तालुक्यात हे नाव माहीत नाही असा माणूस सापडला नसता. पण ते तोंडातून कोणी काढत नसे. त्याला एक वेळ होती. कुठे विहिरीत कोणी बुडालं, गावातल्या पोहणाऱ्यांनी बुड्या मारून हात टेकले, की काठावरचा एखादा म्हातारा हळूच म्हणायचा, ‘‘झिपरूले बलावा.’’ म्हणजे संपलं. आता जिवंत काढायचं राहिलं नाही. हे नाव ऐकलं की काठावर बसलेली आई हंबरडा फोडायची, तोवर तिला कुठे तरी आस असायची.

मग बोरगव्हाणला सायकलवर माणूस यायचा. तो दारात येत नसे. काट्यांच्या कुंपणाबाहेर थांबायचा, खाकरायचा आणि म्हणायचा, ‘‘नाना, पानी शे.’’ पाणी आहे, एवढंच. नाना हातातलं काम ठेवायचा, खुंटीवरचा दोर घ्यायचा आणि सायकलवर मागे बसायचा. प्रेत वर काढून द्यायचा, त्याची मजुरी घेत नसे. नारळ घ्यायचा आणि तो येता येता नदीत सोडून द्यायचा.

बाकीच्या दिवसांत ते नाव जिभेवर आलं की माणसं थुंकायची. खेळता खेळता एखादं पोरगं बोलून गेलं तर आई त्याला फरपटत घरात न्यायची. गावात दुसरा एक झिपरू होता. त्याच्या बापाने शाळेत जाऊन हेडमास्तरांच्या पाया पडून पोराचं नाव बदलून घेतलं. आमच्या झिपरूचं नाव पुढे त्याची आई घ्यायची तेवढंच. ती गेली. बायकोने लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तीही गेली. पाठची बहीण द्रौपदाबाई लहानपणापासून त्याला नानाच म्हणे.

हे काम त्याला शिकवलं गावच्या लोटनआबाने. आबाचा एक नेम होता, तोच नानाने पुढे चालवला. काठावर उभं राहून घरच्यांना बुडालेल्याचं नाव विचारायचं. घरचं नाव, लाडाचं, आई ज्या नावाने जेवायला हाक मारते ते. मग विहिरीत वाकून त्या नावाने हाक द्यायची, साधी, पोराला मळ्यातून घरी बोलवावं तशी. मग उतरायचं, नाव घेतल्याशिवाय नाही. ‘‘नाव लिधाबिगर पानी हात सोडत नही,’’ आबा म्हणायचा.

अंत्यविधी उरकला की घरचे ते नाव बंद करायचे. तसबीर उलटी करायचे, त्या नावाच्या भाचीला दुसऱ्या नावाने हाक मारू लागायचे. नाव राहायचं ते नानाजवळ. पहाटे जाग आली की ती नावं यायची. चेहरे नसायचे, नुसती नावं, कोणी वरून वाकून हाक मारावी तशी. नाना अंथरुणात पडल्या पडल्या ‘ओ’ द्यायचा. का द्यायचा, ते त्याला सांगता आलं नसतं. हाक आली तर ओ द्यावी लागते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

चौऱ्याऐंशी साली पाऊस फार झाला, विहिरी काठोकाठ भरल्या. त्या साली जळगावच्या एका पेपरचा माणूस आला, नानाचा दोर खांद्यावर घेतलेला फोटो काढून घेऊन गेला. पेपर पारोळ्याला द्रौपदाबाईच्या घरी पोचला. द्रौपदाबाई लवकर विधवा झालेली. तिला आणि तिच्या एकुलत्या पोरीला, कोकिळाला, नानानेच सांभाळलं होतं. कोकिळा तेव्हा सातवीत होती. नाना तिकडे गेला तेव्हा तिने बातमी त्याला मोठ्याने वाचून दाखवली आणि टाळ्या पिटल्या.

‘‘मामा, तू ते फेमस व्हयी गया!’’

‘‘फेमस म्हंजे काय वं?’’

‘‘म्हंजे ज्यानं नाव बठ्ठासले माहीत ऱ्हास, तो फेमस. आमना इंग्रजीना बाईंनी सांगं. जळगावनी केळी फेमस. मेहरूणना बोरं फेमस.’’

‘‘केळीनं नाव लोके लेतस का नही?’’

‘‘लेतस ना.’’

‘‘मंग मन्हं का बरं नही लेतस?’’

कोकिळाने पेपर उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाली, ‘‘तुनं माहीतच शे ना बठ्ठासले. लेवानं काम पडत नही.’’

नाना हसला. पण पोरगी बोलली ते त्याच्या डोक्यात राहिलं.

तो शब्द त्या काळात आमच्याकडे नवाच आला होता आणि दिसेल तिथे चिकटत होता. पारोळ्याच्या स्टँडवर फेमस भजी, चाळीसगावला फेमस चप्पल, पार पिंपळनेरलाही एक फेमस टेलर. काल दुकान उघडलेला आज फेमस. आपल्या भाषेत एखादा नावाजलेला म्हटला की कोणी तरी त्याला तोंडाने वाखाणलेलं असावं लागतं. गाजलेला म्हटला की कुठे तरी आवाज झालेला असावा लागतो. फेमस असायला नुसतं सगळ्यांना माहीत असलं तरी भागत होतं. नाना बाजाराला जायचा तेव्हा अशी एखादी पाटी दिसली की थांबून ती अक्षर लावून वाचायचा. आणि पुढे चालू लागायचा. मागे बायका लेकरांना पदराखाली घ्यायच्या.

कोकिळाचं लग्न ठरलं एक्याण्णव साली. मुलगा धुळ्याचा, रतिलालचा थोरला. रतिलालचं धुळ्यात दुकान होतं: स्टो दुरुस्ती, गॅसबत्त्या आणि लाउडस्पीकर भाड्याने. पाटीवर ‘फेमस’ होतंच. बोलणी द्रौपदाबाईच्या दिराने केली. मामाचं नाव काय, हे रतिलालने विचारलं तेव्हा दीर म्हणाला, ‘‘आमना नाना.’’ त्यावर कोणी काही पुढे विचारलं नाही.

नानाच्या मनात एकच गोष्ट होती. मामाने नवरीला धरून मांडवात न्यायचं असतं, बोहल्यावर तिच्या मागे उभं राहायचं असतं. त्याआधी लाउडस्पीकरवर मामाला नावाने पुकारतात. ते त्याने कितीक लग्नांत ऐकलं होतं, मांडवाबाहेर उभं राहून. बापाविना वाढलेली पोर; तिला आपण हाताला धरून नेऊ आणि चारचौघांत आपलं नाव निघेल, चांगल्या कामासाठी. यासाठी त्याने पांढरा फेटा आधीच आणून ठेवला होता.

पत्रिका छापायच्या आधी रतिलाल मजकूर ठरवायला पारोळ्याला आला. ओट्यावर चहा घेत होता, नाना आत आला. रतिलालने बशी खाली ठेवली. बराच वेळ तो नानाच्या हातांकडे बघत राहिला.

‘‘तुम्ही आहात होय मामा,’’ तो म्हणाला.

नानाने त्याला ओळखलं होतं. पारोळ्याजवळच्याच एका खेड्यातलं हे घर. याची धाकटी बहीण, प्रमिला, पंचवीसेक वर्षांपूर्वी पहाटे विहिरीवर पाण्याला गेली होती. पाय घसरला की काय झालं, कोणाला कळलं नाही. तिच्या मागून त्या घराने गाव सोडलं आणि धुळं गाठलं. काठावर हाच उभा होता, मिसरूड फुटलेला. नाव यानेच सांगितलं होतं.

‘‘द्रौपदाबाई,’’ रतिलाल बोलू लागला, ‘‘तुमच्या मुलीत काही खोट नाही. सून म्हणून आम्ही तिला डोक्यावर घेऊ. पण पत्रिकेवर मामांचं नाव नको. मांडवात पुकारा नको. माझी आई अजून आहे. आमच्या घरात बहिणीचं नाव निघत नाही, तसं यांचंही निघत नाही. आईच्या कानावर पडलं तर ती उभी राहायची नाही.’’

‘‘बिन बापनी पोर शे, व्याही,’’ द्रौपदाबाई म्हणाली. ‘‘मामा बी नको म्हनतस?’’

‘‘नाना, तुम्हीच समजून घ्या. तुमचं नाव फार फेमस आहे. तीच अडचण आहे.’’

‘‘तुमन्या पाटीवर बी तेच शे ना,’’ नाना म्हणाला.

रतिलालने बशी पुन्हा उचलली. नानाच पुढे म्हणाला, ‘‘नका छापू. पोरनं चांगलं व्हवाले पायजे.’’

कोकिळा आतून सगळं ऐकत होती. व्याही गेल्यावर ती बाहेर आली आणि भांडलीच. ‘‘त्यासले बत्ती भाड्यानी देता येस, मामा भाड्यानी आनशीत का? माले नही करनं लगीन.’’

‘‘गप वं,’’ नाना म्हणाला. ‘‘मी मांडवना मांगे उभा ऱ्हासू. तुले दिसेन.’’

‘‘माले पुढे पायजे.’’

पत्रिका छापून आल्या. मुलीचे मामा, या ओळीच्या पुढे कोरं होतं.

चार-आठ दिवसांनी, भर दुपारी, नाना खळ्यात कडबा उतरवत होता. कुंपणाबाहेर एक म्हातारी येऊन उभी राहिली. एसटीने आलेली, पायाला फुफाटा लागलेला, हातात पत्रिका. नानाला वाटलं, पाणी. तो दोराकडे वळला.

‘‘दोर ऱ्हाऊ दे,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘मी झुंबरबाई. रतिलालनी माय.’’

नानाने खाट टाकली. ती बसली नाही.

‘‘शेजारनी पोरनी पत्रिका वाची दाखाडी. मी म्हनं, मामा नही का पोरले? मंग रतिलाल बोलना.’’ तिने पत्रिका कमरेला खोचली. ‘‘तुनाच घर शे हाई. बरं व्हयनं, सापडनं.’’

‘‘अक्का, पानी ले.’’

‘‘पानी नको. माले एक सांग. तू काठवर उभा राहीसन हाक मारी व्हती. तिनं नाव तुले याद शे का?’’

‘‘शे.’’

‘‘ले.’’

नानाने इकडे तिकडे पाहिलं. उन्हात गाव निपचित पडलं होतं.

‘‘मन्हा घरमा तिनं नाव लेवाले बंदी शे,’’ झुंबरबाई म्हणाली. ‘‘रतिलालना बापनी घाली, मंग तो मरी गया तरी रतिलालनी उठाडी नही. मी एकटी ऱ्हास तव्हय बी तोंडमा येत नही. जीभ इसरी गयी. कसं म्हनू ते याद येत नही. तू ले.’’

‘‘पमी,’’ नाना म्हणाला.

म्हातारीने डोळे मिटले. ‘‘तशी नही. तव्हय मारेल तशी.’’

नाना उभा राहिला. समोर विहीर नव्हती, नुसता कडबा आणि भिंत होती. त्याने थोडं वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून हाक मारली. ‘‘ओ पमी, चाल वं घर.’’

भिंतीमागे गोठ्यात म्हैस हलली. साखळी वाजली. झुंबरबाई कान देऊन उभी होती, जणू पलीकडून कोणी येणार होतं. मग तिने स्वतः म्हणून पाहिलं, अगदी हळू, गरम घास तोंडात घोळवावा तसं. पमी. पमी. आवाज बसलेला, पण नाव नीट आलं.

‘‘रोज येस का तुनाकडे?’’ तिने विचारलं.

‘‘पहाटले. बठ्ठा येतस.’’

‘‘तू काय करस?’’

‘‘ओ देस.’’

तिने कमरेची पत्रिका चाचपली. मग म्हणाली, ‘‘आनि तुले कोन हाक मारस?’’

नानाने कडब्याची एक पेंढी उचलून बाजूला ठेवली.

‘‘तूच पोरले मांडवमा आन,’’ म्हातारी जाता जाता म्हणाली. ‘‘रतिलालले मी देखस.’’

लग्न गोरज मुहूर्ताचं, पारोळ्यालाच. दिवस मावळतीला आला होता. मांडवाच्या खांबांवर रतिलालच्या गॅसबत्त्या सूं-सूं करत होत्या आणि उंच बांबूवर त्याचाच कर्णा बांधलेला, तोंड किल्ल्याकडे. नानाने फेटा बांधला, कोकिळाचा हात धरला आणि तो घराच्या उंबऱ्यात थांबला. तिच्या हाताला हळद आणि घाम होता. त्याच्या हातात आजवर आलेले हात थंड असायचे. हे त्याच्या मनात आलं आणि त्याने तिचा हात आणखी घट्ट धरला.

‘‘मामा, दुखस,’’ कोकिळा म्हणाली.

रतिलालने माइक हातात घेतला. ‘‘नवरी मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं.’’

बायकांच्या घोळक्यातून झुंबरबाईचा आवाज आला, ‘‘मामाले नाव नही का रे?’’

‘‘आई, बस ना तू.’’

‘‘नाव ले. मी बसेल शे. पडाऊ नही मी.’’

भटजी घड्याळ बघू लागले. रतिलालने कपाळ पुसलं. माइकमध्ये त्याचा श्वास ऐकू आला, कर्ण्यातून तो साऱ्या गावावर गेला. मग तो म्हणाला, आणि एकदा म्हणायचं म्हटल्यावर मोठ्याने म्हणाला, ‘‘झिपरू. झिपरूनाना, बोरगव्हाण!’’

नाव बांबूवरून निघालं, घरांवरून गेलं, किल्ल्याच्या तटाला लागून खंदकावरून परत आलं. झिपरू. बँडवाल्याने तोंडाशी नेलेली पिपाणी खाली घेतली.

नाना जागच्या जागी थिजला. जन्मभर तो काठावरून वाकून हाक मारत आला होता. आज हाक वरून आली, त्याच्या नावाची, आणि पहिल्यांदा त्याला वाटलं, खाली आहे तो आपण आहोत. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, ‘‘ओ.’’

तेवढ्यात गल्लीत दारं वाजली.

‘‘कोन बुडनं?’’ कोणी तरी ओरडलं.

‘‘कठे? कोनी इहिरमा?’’

‘‘पोरे कठे शेतस मन्हा? अवं, पोरे कठे शेतस?’’

मांडवात काय चाललंय ते गावाला दिसत नव्हतं. गावाला नुसतं नाव ऐकू आलं होतं. पारोळ्यात ते कर्ण्यावरून कधी निघालं नव्हतं. आज निघालं म्हणजे बुडालेलाही कोणी तसाच मोठा असणार. बायका पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि लेकरांची नावं घेऊन हाका मारू लागल्या. गल्लीगल्लीतून नावं उठली. गल्लीच्या टोकाच्या विहिरीकडे माणसं धावत गेली, कंदील घेऊन आत वाकून पाहू लागली. एक उघडाबंब माणूस खांद्यावर दोर टाकून थेट मांडवात शिरला. धापा टाकत नानासमोर आला आणि अदबीने म्हणाला, ‘‘नाना, दोर आनेल शे. कठे जानं?’’

नानाने त्याच्याकडे पाहिलं. एका हातात भाचीचा हात होता.

‘‘कठेच नही, भाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘मन्ही भाचीनं लगीन शे. कोनी बुडनं नही. बस.’’

माणसाला ते खरं वाटेना. तो दोर तसाच खांद्यावर ठेवून खांबाला टेकून उभा राहिला. रतिलालने माइक हाताने झाकला होता. झुंबरबाई मात्र आपल्या जागी सरळ बसून होती.

‘‘चला, वेळ जाते आहे,’’ भटजी म्हणाले.

नानाने कोकिळाला बोहल्यावर नेलं आणि तिच्या मागे उभा राहिला. मंगलाष्टकं झाली. आया एका हाताने अक्षता टाकत होत्या, दुसऱ्या हातात पोराचं मनगट होतं. बाहेर अजून कोणी कोणी हाका मारत होतं, आणि ज्यांची ओ येत होती ती घरं एकेक करून शांत होत होती. शेवटच्या ‘सावधान’ला सारं गाव गप्प झालेलं होतं. ती शांतता मांडवातल्या कोणालाच सोसेना. बँडवाल्यांनी नको तेवढ्या जोराने वाजवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बाई एकटी गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नाव निघालं आहे, पाणी आता कोणाला तरी घेणार, असं घरोघर बोलत होते आणि वाट बघत होते. नाना बहिणीकडेच थांबला होता. तोही वाट बघत होता. घराबाहेर कोणी खाकरलं की उठून बसायचा. पहाटे नावं आली ती नेहमीसारखीच आली. त्यात पमी आली नाही. त्याने बराच वेळ कान दिला.

चौथ्या सकाळी द्रौपदाबाई परसात आली.

‘‘काही नही व्हयनं ना रे नाना?’’

‘‘नही व्हयनं.’’

‘‘लोके म्हनतस, आखो आठ दिन देखनं पडी.’’

‘‘देखू देत.’’

लग्नाची भाड्याने आणलेली मोठी कढई भिंतीशी तशीच पडली होती, तळाला वरणाची खरपुडी धरलेली. नानाने ती आडवी केली, चुलीतली राख मूठभर घेतली, वर नारळाची शेंडी धरली आणि घासायला बसला.